विषय क्रमांक चार

गोठिवलीच्या समाजमंदिरात पंखे चार, चालू दोन.
भिंतीला कालच्या लग्नाचा गुलाबी कपडा तसाच,
त्यावर टाचण्यांनी आमचा फलक:
वार्षिक सर्वसाधारण सभा.
मी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात,
एकोणीस वर्षं तिथंच,
इतिवृत्ताची वही, निळं पेन,
आणि खिशात दुसरं निळं पेन, केणींच्या सहीसाठी.

विषय एक, मागील इतिवृत्त कायम करणे. सर्वानुमते.
विषय दोन, दिवंगत सभासदांस श्रद्धांजली.
यंदा दोघं. एकाची फुप्फुसं, एकाचं हृदय.
वहीत कारण लिहीत नाहीत.
विषय तीन, जमाखर्च. सर्वानुमते.
खरं सांगतो, हा शब्द
मी घरूनच लिहून आणतो. वेळ वाचतो.

विषय चार, पगारवाढीच्या करारास मंजुरी.
केणी उठले. त्यांना माईक लागत नाही.
"हात वर करा."
झाले हात वर, जसे होतात,
कोपरापासून, न बघता,
आणि पॅकिंगची रेश्मा धिवार उभी राहिली.
हात खाली. हातात कराराची झेरॉक्स.
"कलम अकरा वाचून दाखवा."

कलम अकरा मला पाठ. टाईप मीच केलंय.
कंत्राटी कामगारांस सदर करार लागू राहणार नाही.
त्रेसष्ट माणसं.
आमचेच ड्रम लोटतात, आमच्याच नळावर हात धुतात,
आणि त्या वेळी बाहेर चपलांच्या ढिगापाशी उभी होती,
सभासद नाहीत म्हणून.

"चिठ्ठ्या टाकून मत घ्या," ती म्हणाली.
मागून कोणीतरी शिट्टी मारली.
कोणीतरी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं.
केणी शांतपणे म्हणाले,
"मालक भिंतीला कान लावून बसलाय, बाई.
घरातलं घरात ठेवा."
"घर म्हणता ना?
मग किल्ली एकट्याच्या कंबरेला का?"

मला केणींचा राग यायला हवा होता.
पण टाळेबंदीच्या एक्केचाळिसाव्या दिवशी
हाच माणूस तांदळाचं पोतं सायकलवर घालून
दिघ्याचा चढ चढून माझ्या दाराशी आला होता.
काटा नव्हता. ओंजळीनं मोजून दिले,
पोरीच्या नावाची एक ओंजळ जास्त.
ते तांदूळ अजून पोटात आहेत.
वही लिहिताना हात माझा नसतो, त्यांचा असतो.

चिठ्ठ्या झाल्या जुन्या पावतीपुस्तकांच्या पाठीच्या.
पेटी म्हणून बिस्किटांचा डबा.
मोजायला मी आणि बॉयलरवरचा शकील.
मंजूर एकशे चार.
नामंजूर सत्त्याण्णव.
एक कोरी.
एकीवर नुसतं: बाहेरच्यांचं काय?
शकील म्हणाला, बाद धर.
धरली. पण डब्यात परत टाकली नाही.

केणी जिंकले.
तरी हॉल रिकामा होईपर्यंत
खुर्चीची पाठ धरून उभे राहिले,
सत्त्याण्णव या आकड्याकडे बघत,
जणू रोजच्या पाळीतला कोणी
समोरून गेला आणि ओळख दिली नाही.

रात्री वही उघडली.
विषय चारपुढे सर्वानुमते आधीच होतं,
माझ्याच वळणदार अक्षरात.
उद्या केणी गेटवर म्हणतील, राहू दे रे,
प्रत कंपनीला जाते, फट कशाला दाखवायची.
खोटं नाही त्यांचं.
फट दिसली की मालक पहार घालतो.

खोडलं. सवयीनं वर लिहिलं: एकमताने.
तेही खोडलं.
जोडून लिहिलं की सगळे गप्प,
तोडून लिहिलं, एक मत,
की कोणीतरी उभं राहतं झेरॉक्स घेऊन.

मग आकडेच लिहिले, चारही.
बाद चिठ्ठीचा मजकूर लिहिला.
खाली, नियमात नाही तरी:
सभागृहाबाहेर उपस्थित, त्रेसष्ट.
अध्यक्षांच्या सहीची जागा सोडली.

मग दुसरं पेन काढून
वर्तमानपत्राच्या कडेला दोन रेघा ओढून बघितल्या,
चालतंय ना.